शिक्षणाची वाट आणि सायकलींचे एक विद्यापीठ

वाचकहो, शिक्षणाविषयी बोलताना आपण इमारत, शिक्षक, पुस्तके, परीक्षा आणि फी यांचा विचार करतो. विद्यार्थी घराच्या दारातून शाळेच्या दारापर्यंत कसा येतो, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. मीही करीत नव्हतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी नववीत असताना अचानक येईनाशी झाली. आठवडाभर हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे गैरहजेरी पडत राहिली, तेव्हा मी तिच्या घरी गेलो. गाव शाळेपासून सहा किलोमीटरवर. वडील ओशाळून म्हणाले, "सर, शिकवायचे आमच्या मनात आहे हो, पण सकाळची बस बंद झाली. पोरीला एवढ्या लांब एकटी चालत पाठवायची कशी?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. फी माफ करता येते, पुस्तके देता येतात, पण वाट कोठून द्यायची? त्या दिवसापासून मी या विषयावर जे सापडेल ते वाचू लागलो. वाचता वाचता अमेरिकेतील एका विद्यापीठाची हकीकत हाती लागली. मोटारींचा देश म्हणून जो ओळखला जातो, त्याच देशातील एका विद्यापीठाने आपला परिसर मोटारीसाठी न आखता पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी आखला. हे कसे घडले, कोणी घडविले, आणि त्यात आपल्यासारख्यांनी घेण्याजोगे काय आहे, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो.

शेतातून उभे राहिलेले विद्यापीठ

कॅलिफोर्निया राज्याची राजधानी सॅक्रामेंटो. तिच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर डेव्हिस नावाचे गाव आहे. १८६८ साली तेथे रेल्वे आली आणि स्टेशनाभोवती वस्ती वाढली. जेरोम डेव्हिस नावाच्या शेतकऱ्याची जमीन तेथे होती, त्याच्यावरून गावाला डेव्हिसव्हिल हे नाव मिळाले. पुढे ते नुसते डेव्हिस झाले. चहूकडे सपाट, सुपीक जमीन, पाऊस हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा व कडक. डोंगर नाही, चढ नाही. ही सपाट जमीन ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या गोष्टीत तिचा मोठा वाटा आहे.

त्या काळी कॅलिफोर्निया विद्यापीठ बर्कली येथे होते. शेतीप्रधान राज्य असूनही शेतकऱ्यांच्या मुलांना प्रत्यक्ष शेतात शिकण्याची सोय नव्हती. पीटर शील्ड्स नावाच्या न्यायाधीशांनी याचा पाठपुरावा केला. १९०५ साली विद्यापीठाच्या शेतीसाठी कायदा झाला, १९०६ साली डेव्हिस येथील जागा निवडली गेली आणि १९०८-०९ च्या सुमारास शिकवणे सुरू झाले. दूध, लोणी, फळबागा, जनावरे हे तेथील विषय. अनेक वर्षे हे ठिकाण 'विद्यापीठाची शेती' या साध्या नावानेच ओळखले जाई. तेथील मुख्य ग्रंथालयाला आज शील्ड्स यांचे नाव आहे.

दुसरे महायुद्ध संपले आणि चित्र बदलले. युद्धानंतर जन्मलेल्या मुलांची मोठी पिढी कॉलेजच्या वयात येऊ घातली होती. तेवढ्या मुलांना बर्कली आणि लॉस एंजेलिस पुरणार नव्हते. १९५९ साली डेव्हिसला सर्व विषय शिकविणाऱ्या पूर्ण विद्यापीठाचा दर्जा मिळाला. म्हणजे जेथे थोडे विद्यार्थी होते, तेथे पुढच्या दहाच वर्षांत त्यांची संख्या अनेक पटींनी वाढणार होती. शेताच्या जागी वर्गखोल्या, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे उभी राहणार होती. अशा वेळी जो नकाशा कागदावर उतरतो, तोच पुढे शंभर वर्षे राहतो. भिंत पाडता येते, पण एकदा आखलेला रस्ता बदलणे फार अवघड असते.

कुलगुरूंचे पत्र

या मोक्याच्या वेळी डेव्हिसचे कुलगुरू होते एमिल म्राक. १९५९ ते १९६९ अशी दहा वर्षे ते त्या पदावर होते. मुळात ते खाद्यपदार्थांचे शास्त्रज्ञ. यीस्ट, म्हणजे पाव फुगविणारे जे किण्व असते, त्यावर त्यांनी संशोधन केले होते. नगररचनेचे ते पंडित नव्हते. पण त्यांनी आजूबाजूला नीट पाहिले. सपाट गावात विद्यार्थी आधीपासूनच सायकलीने येत होते. हे साधन मुलांनी स्वतःच्या गरजेतून शोधले होते. म्राक यांनी वास्तुतज्ज्ञांना सांगितले की, नवा परिसर झाडांच्या सावलीचा आणि सायकलने फिरण्याजोगा आखा. एवढ्यावर ते थांबले नाहीत. नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना पाठविलेल्या पत्रातून त्यांनी येताना सायकल घेऊन येण्याची सूचना केली.

विद्यार्थी मित्रांनो, या पत्राचे महत्त्व ध्यानात घ्या. कुलगुरूंनी सायकलीवर भाषण केले असते तर लोक टाळ्या वाजवून घरी गेले असते. त्यांनी आधी रस्त्याची तजवीज केली आणि मग मुलांना बोलावले. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते. उपदेश आधी होतो आणि सोय मागाहून, तीही झाली तर.

विद्यापीठाच्या मध्यभागी, जेथे वर्ग, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा एकत्र आहेत, तेथील आतले रस्ते १९६० च्या दशकात खाजगी मोटारींना बंद करण्यात आले. मोटारी कडेच्या रस्त्यांवरून याव्यात, कडेच्या वाहनतळावर थांबाव्यात आणि तेथून माणसाने चालत आत यावे, अशी ही योजना. बस, सामानाच्या गाड्या आणि अपंगांसाठीची वाहने यांना मात्र जरूरीप्रमाणे मोकळीक ठेवली.

यामागचा हिशेब कोणत्याही घरधन्याला समजेल असा आहे. एक मोटार जेवढ्या जागेत उभी राहते, तेवढ्यात दहाएक सायकली सहज राहतात. हजारो विद्यार्थी मोटारीने आले असते तर विद्यापीठाच्या मधोमध वर्गांऐवजी वाहनतळच पसरले असते. मग इमारती एकमेकींपासून दूर गेल्या असत्या, आणि त्या दूर गेल्या म्हणून आणखी मोटारी लागल्या असत्या. एकदा हे चक्र सुरू झाले की थांबत नाही. डेव्हिसने ते सुरूच होऊ दिले नाही.

अर्थात सायकलींचेही प्रश्न असतात. तास संपला की दोन तासांमधल्या थोड्या मिनिटांत हजारो मुले एकाच वेळी सायकलीवर बसून दुसऱ्या वर्गाकडे निघतात. चौकाचौकात गर्दी होऊन मुले एकमेकांवर आदळू लागली. शिपाई उभा करून किंवा दिवे लावून हे सुटण्यासारखे नव्हते. तेव्हा १९७० च्या दशकात तेथे चौकांच्या मध्यभागी वाटोळी सर्कले बांधण्यात आली. नियम सोपा. सर्वांनी एकाच दिशेने सर्कलला वळसा घालायचा, आणि आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचे. कोणालाही पूर्ण थांबावे लागत नाही आणि कोणी समोरासमोर येत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यांत नवखी मुले तेथे धडपडतात, हसे होते, पण हळूहळू शिकतात. शिवाय १९७१ साली शेतकी काळातील एका जुन्या इमारतीत विद्यार्थी संघटनेने सायकल दुरुस्तीचे दुकान काढले. ते चालविणारे विद्यार्थीच. पंक्चर काढणारा जवळ असेल तरच सायकल टिकते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

एका कुटुंबाने आणलेली कल्पना

विद्यापीठाच्या आत सोय झाली, पण विद्यार्थी राहत होते गावात. फाटकाबाहेरचा रस्ता नगरपालिकेचा, आणि तेथे मोटारी वाढत चालल्या होत्या. आत सुरक्षित आणि बाहेर धोका, अशी स्थिती झाली. मुलगा फाटकापर्यंतच पोहोचला नाही, तर आतल्या सुंदर रस्त्याचा उपयोग काय?

येथे या हकीकतीत एक साधे कुटुंब येते. फ्रँक चाइल्ड हे विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते पत्नी ईव्ह आणि मुलांसह काही काळ हॉलंडमधील हेग शहरी राहिले. तेथे लहान मुले, गृहिणी, म्हातारी माणसे असे सारेच निर्धास्तपणे सायकलीवर फिरतात, हे त्यांनी पाहिले. कारण तेथे सायकलीला रस्त्यावर स्वतःची जागा होती. परत आल्यावर त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात पत्र लिहून विचारले की, आपल्या सपाट गावात हे का होऊ नये? काही सहकारी आणि शेजारी मिळाले, सायकलींचा अभ्यास करणारा नागरिकांचा एक लहानसा गट तयार झाला. त्यात प्राध्यापक होते आणि त्यांच्या बायकाही तितक्याच उत्साहाने होत्या.

नगरपालिकेने प्रथम त्यांचे ऐकले नाही. सायकल हे मुलांचे खेळणे, त्यासाठी मोटारीचा रस्ता का अडवायचा, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. पण या मंडळींनी घोषणाबाजी किंवा आदळआपट केली नाही. अर्जावर सह्या गोळा केल्या, घरोघर जाऊन समजावले. १९६६ च्या नगरपालिका निवडणुकीत सायकलमार्ग हा प्रचाराचा विषय झाला आणि सायकलमार्गाच्या बाजूचे उमेदवार निवडून आले.

तरीही एक अडचण राहिली. रस्त्यावरील पट्टे आणि वाहतुकीचे नियम राज्याच्या कायद्याप्रमाणे ठरत, आणि रस्त्याचा एखादा भाग फक्त सायकलींसाठी राखण्याची त्यात तरतूद नव्हती. ती करून घ्यावी लागली. अखेर १९६७ साली डेव्हिसच्या रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळे पट्टे आखले गेले. अमेरिकेतील शहरी रस्त्यांवरचे अशा प्रकारचे हे पहिले पट्टे मानले जातात.

पट्टा कोठे आखावा, हेही त्यांनी आधी ठरवून टाकले नाही, तर निरनिराळ्या रस्त्यांवर निरनिराळे प्रकार करून पाहिले. एके ठिकाणी सायकलचा पट्टा चालत्या मोटारी आणि उभ्या मोटारी यांच्या मध्ये ठेवला. दुसऱ्या ठिकाणी तो उभ्या मोटारींच्या आड, पदपथाला लागून ठेवला. हा दुसरा प्रकार वरवर जास्त सुरक्षित दिसतो. पण अनुभव असा आला की, चौकात वळणाऱ्या मोटारवाल्याला आडोशातून येणारा सायकलस्वार दिसत नाही. म्हणून तेथे पहिला प्रकार रूढ झाला. आज हॉलंडमध्ये आणि इतरत्र चौकाची रचनाच बदलून आडोशाचे मार्गही सुरक्षित केले जातात. म्हणजे डेव्हिसचे उत्तर शेवटचे नव्हते. पण करून पाहणे, मोजणे आणि चूक दिसली की दुरुस्त करणे ही त्यांची रीत मात्र कायम उपयोगी पडण्यासारखी आहे.

विद्यार्थ्यांची बस

प्रत्येकाला सायकल चालविता येतेच असे नाही. कोणी आजारी असतो, कोणाचे घर लांब असते, हिवाळ्यात पाऊसही येतो. यावर विद्यार्थ्यांनीच तोड काढली. १९६८ साली तेथील विद्यार्थी संघटनेने लंडनच्या दोन जुन्या दुमजली बसगाड्या विकत घेतल्या आणि स्वतःची बससेवा सुरू केली. युनिट्रान्स हे तिचे नाव. मुंबईकरांच्या लाडक्या दुमजली बसचीच ही लंडनची भावंडे. गंमत अशी की, लंडनमध्ये आपल्यासारखी वाहने डावीकडून चालतात आणि अमेरिकेत उजवीकडून. त्यामुळे या गाड्यांचे दार पदपथाच्या बाजूला न उघडता रस्त्याच्या बाजूला उघडे. उतारूंची काळजी घ्यायला कंडक्टर जरूरीचा झाला.

गाडी चालविणारे विद्यार्थी, तिकिटे पाहणारे विद्यार्थी, दुरुस्तीला हात लावणारेही विद्यार्थीच. शिकता शिकता त्यांना कमाई झाली आणि जबाबदारीची सवयही लागली. १९७२ पासून ही सेवा गावातील सर्व लोकांना खुली झाली आणि नगरपालिकेनेही खर्चाचा वाटा उचलला. विद्यार्थी आपल्या फीबरोबर बसचीही थोडी वर्गणी भरतात आणि ओळखपत्र दाखवून प्रवास करतात. आज तेथे वायूवर आणि विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्या आहेत. दोन जुन्या गाड्यांपासून निघालेली ही सेवा अर्धशतक उलटून गेले तरी चालू आहे.

ओहोटी

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की, एकदा चांगले काम झाले म्हणजे ते कायमचे झाले. पण इतिहास असे सांगत नाही. १९८० च्या सुमारास डेव्हिसमधील नोकरीधंद्याला जाणाऱ्या लोकांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक सायकलीने जात. पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. रस्ते होते, पट्टे होते, सर्कलेही होती. मग झाले काय?

एक तर बरेच लोक डेव्हिसमध्ये राहून दूरच्या शहरांत नोकरीला जाऊ लागले. घरांच्या किमती वाढल्या, तसे विद्यापीठात काम करणारे कित्येकजण बाहेरगावी राहू लागले. दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. ज्यांनी सह्या गोळा केल्या होत्या ती पिढी मागे पडली. नव्या पिढीला पट्टे आयते मिळाले, म्हणून ते राखावे लागतात याचा विसर पडला. सायकलमार्ग ही गावाची शोभा झाली आणि त्यामागची जागरूकता मंदावली. पुढे लोक पुन्हा जागे झाले. नवे पूल आणि भुयारी मार्ग झाले, आणि २००५ साली अमेरिकेतील सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने डेव्हिसला आपला सर्वोच्च 'प्लॅटिनम' दर्जा दिला. असा दर्जा मिळविणारे ते पहिले शहर.

विद्यापीठानेही मूळ दुखण्यावर इलाज शोधला. घर लांब असेल तर सायकलमार्ग कितीही चांगला असून काय उपयोग? म्हणून परिसराच्या पश्चिमेस विद्यार्थी आणि नोकरवर्ग यांच्यासाठी वेस्ट व्हिलेज ही वसाहत उभारली. २०११ साली तेथे लोक राहायला आले. वर्षभरात जेवढी वीज लागेल तेवढी सूर्यप्रकाशातून तेथेच निर्माण करावी, असा तिचा उद्देश. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, तेथून वर्गापर्यंत सायकलीने जाता येते. प्रवासाचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे राहण्याची जागा शिकण्याच्या जागेजवळ असणे.

आपण काय घ्यावे?

पालक बंधू-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, "मास्तर, अमेरिकेची गोष्ट अमेरिकेत. तिकडे जमीन आहे, पैसा आहे. आपले काय?" शंका रास्त आहे. पण सायकल ही काही आपल्याला अमेरिकेने शिकविलेली नाही. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून देशभर प्रसिद्ध होते. कामगार, कारकून, प्राध्यापक आणि कॉलेजच्या मुली, सारे सायकलीवर असत. डेव्हिसपेक्षा पुण्यात सायकली कितीतरी अधिक होत्या. त्याच पुण्याचे रस्ते पुढे मोटारसायकलींनी आणि मोटारींनी भरून गेले. सायकल गरिबाकडे आहे म्हणून ती आपोआप राहील, असे आपण धरून चाललो. तिच्यासाठी जागा राखावी लागते, हे वेळेवर ध्यानात आले नाही. डेव्हिसमधील लोकांना परवडत असूनही त्यांनी मोटारीला बाजूला ठेवले आणि आपण मोटार परवडत नसतानाही रस्ता तिच्या हवाली केला.

म्हणून मला जे घेण्याजोगे वाटते ते थोडक्यात सांगतो. आपल्या समाजात अनेक ठिकाणी शिक्षणसंस्था वाढत आहेत, जमिनी घेतल्या जात आहेत, नव्या इमारतींचे नकाशे होत आहेत. नकाशा समोर आला की आपण खोल्या मोजतो. त्याच वेळी आणखी काही प्रश्न विचारावेत. मुले कोणकोणत्या गावांहून आणि मोहल्ल्यांतून येणार? फाटकाशी रिक्षा, मोटारसायकली आणि लहान मुले यांची एकच गर्दी होणार नाही ना? सायकली ठेवायला छपराची जागा कोठे? उन्हातून चालत येणाऱ्यांसाठी वाटेवर झाडे कोण लावणार? जागा स्वस्त मिळते म्हणून गावाबाहेर पाच किलोमीटरवर शाळा नेली, तर वाचलेला पैसा पालकांच्या खिशातून रोज रिक्षाच्या भाड्यात जाईल. ज्यांच्या खिशात तो नाही, त्यांच्या मुली घरी बसतील. हा खर्च संस्थेच्या जमाखर्चात दिसत नाही, पण कोणीतरी तो भरतच असते.

आणि हे काम फक्त कार्यकारी मंडळाचे नाही. डेव्हिसमध्ये कुलगुरूंनी आपले काम केले, एका कुटुंबाने पत्र लिहिले, शेजाऱ्यांनी सह्या केल्या, मतदारांनी मत दिले आणि विद्यार्थ्यांनी बस चालविली. यांपैकी कोणतेही एक नसते तर ही हकीकत अपुरी राहिली असती.

आरंभी सांगितलेल्या त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तिचे एक वर्ष वाया गेले, ते काही परत मिळाले नाही. दुसऱ्या वर्षी त्याच गावातील आणखी तीन मुली आमच्या शाळेत आल्या. पालक एकत्र बसले. कोणी नवी घेतली, कोणी जुनी दुरुस्त केली, अशा चार सायकली जमल्या. चौघींनी एकत्र निघायचे आणि एकत्रच परतायचे, असे ठरले. मोठ्या रस्त्यापर्यंत रोज एका घरचे कोणीतरी माणूस सोबत जाई. त्या मुलीने दहावीची परीक्षा दिली आणि चांगल्या गुणांनी पास झाली. शाळेच्या भिंतीलगत आता सायकलींसाठी पत्र्याचे एक लहान छप्पर आहे. त्याखाली सकाळी किती सायकली उभ्या आहेत, हे मी वर्गात जाण्यापूर्वी मोजतो. माझी पहिली हजेरी तेथेच होते.